फ्रीज ड्राय फळे-भाज्यांची घरगुती स्मूदी पावडर : यंत्र बंद झाल्यावरचे काम अधिक महत्त्वाचे

मार्चअखेर महाबळेश्वर-पाचगणी भागातील स्ट्रॉबेरीचा हंगाम उतरणीला लागतो. या काळात लहान, वेडीवाकडी पण पूर्ण पिकलेली फळे क्रेटच्या क्रेट उरतात. चवीला ती उत्तम असतात, पण पनेटमध्ये बसत नाहीत. ही फळे जॅम-क्रशसाठी पडेल त्या दराने जातात. अलीकडे गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास येतो, ‘हीच फळे फ्रीज ड्राय करून स्मूदी पावडर केली तर?’ स्मूदी म्हणजे फळे आणि भाज्या दुधात, दह्यात किंवा पाण्यात घुसळून केलेले दाट पेय, आपल्या मिल्कशेकची चुलत बहीण. पावडर तयार असेल तर मिक्सरही लागत नाही, पेल्यात चमच्याने ढवळले तरी चालते.

करता येते का? येते. पण आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी स्ट्रॉबेरीचे काप उत्तम वाळले होते. हलके, कुरकुरीत, रंग ताज्या फळाचा. जूनच्या शेवटी एका दुपारी ते सगळे मिक्सरमध्ये वाटून काचेच्या बरणीत भरले. दोन आठवड्यांनी बरणी उघडली, तर आत गुळाच्या ढेपेसारखा लाल खडा. चमचा वाकला, पावडर निघाली नाही. वाळवण्यात चूक नव्हती, चूक वाटण्याच्या दिवसात आणि बरणीत होती.

गोठवून वाळवणे म्हणजे काय?

उन्हात किंवा ट्रे ड्रायरमध्ये फळातील पाणी द्रवरूपातून वाफ होऊन जाते. जाताना ते साखर व आम्ल पृष्ठभागाकडे ओढते, फळ आकसते, रंग काळपट होतो. फ्रीज ड्रायरमध्ये फळ आधी घट्ट गोठवले जाते, मग बंद कप्प्यातील हवा व्हॅक्यूम पंपाने काढली जाते. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १,०१३ मिलिबार असतो. हा दाब ६ मिलिबारच्या खाली नेला, की बर्फ वितळू शकत नाही, त्याची थेट वाफ होते. यालाच संप्लवन म्हणतात. प्रत्यक्षात यंत्रे १ मिलिबारच्याही खाली काम करतात. निघालेली वाफ अतिथंड पृष्ठभागावर पुन्हा बर्फ होऊन बसते आणि फळाचा सांगाडा जसाच्या तसा, स्पंजासारखा सच्छिद्र राहतो. म्हणूनच अशी पावडर पाण्यात पटकन मिसळते. मात्र हवेतील ओलावाही ती तितक्याच पटकन ओढते. गुण आणि दोष एकाच कारणाने येतात.

घरच्या फ्रीजमध्ये हे होत नाही. फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेली भाजी वरून सुकते ती थोड्याफार संप्लवनानेच, पण तो वेग कामाचा नाही. त्यामुळे पर्याय तीन. लहान यंत्र घेणे, प्रक्रिया केंद्रावर जॉबवर्कने वाळवून घेणे, किंवा वाळवलेले काप विकत आणून घरी फक्त वाटणे व मिश्रण करणे. नव्याने सुरुवात करणाऱ्या गटाने पहिला हंगाम दुसऱ्या किंवा तिसऱ्या मार्गानेच काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळेच यंत्रात घालू नये

यंत्राचा प्रत्येक तास महाग असतो. म्हणून ज्या फळाचा सुगंध व रंग उष्णतेने जातो, तेच त्यात घालावे. स्ट्रॉबेरी, जांभूळ, आंबा, अननस ही अशी फळे. शेवग्याचा पाला सावलीत किंवा कमी तापमानाच्या ड्रायरमध्ये चांगला वाळतो. गाजर, बीट, पालक यांच्या ब्लँचिंग केलेल्या चकत्या आणि पाने ५५ ते ६० अंश सेल्सिअसला ट्रे ड्रायर किंवा सौर वाळवणी यंत्रात वाळवून वापरता येतात. रंग थोडा कमी भरतो, पण स्मूदीच्या पाकिटात भाजीचे प्रमाण लहानच असते. ‘शंभर टक्के फ्रीज ड्राय’ असे पाकिटावर छापायचे असेल तर गोष्ट वेगळी. घरच्या वापरासाठी मिश्र पद्धत केव्हाही परवडते.

केळ्याबाबत मते वेगवेगळी आहेत. केळे स्वस्त आहे, त्यात सुमारे ७५ टक्केच पाणी असते, म्हणजे उतारा चांगला मिळतो आणि ते पेयाला दाटपणा देते. ट्रे ड्रायरमध्ये ते चिवट होते, वाटता येत नाही. त्यामुळे केळे मी यंत्रातच घालतो. चिकूला मात्र जपून हात लावावा. त्यात साखर भरपूर. तापमान लवकर वाढवले तर काप आतून वितळतो, फेसाळतो आणि ट्रेला चिकटून बसतो. सुरुवातीच्या बॅचसाठी चिकू नकोच.

पूर्वतयारी

फळ पूर्ण पिकलेले पण घट्ट असावे. कच्च्या फळाला नंतर चव येत नाही आणि वाळवल्यावर आंबटपणा अधिकच टोचतो. कुजका, बुरशी लागलेला भाग कापून उरलेले फळ वापरण्याचा मोह टाळावा, असे फळ अख्खे बाजूला काढावे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गोठवल्याने किंवा फ्रीज ड्रायिंगने जिवाणू मरतात असे अनेकांना वाटते. बाजारात दह्याचे विरजण पावडरीच्या पाकिटात मिळते, ते याच पद्धतीने वाळवलेले असते आणि दुधात घातले की जिवंत होते. जे विरजणाच्या जिवाणूंना लागू, तेच घाणेरड्या पाण्यातून आलेल्या जिवाणूंनाही लागू. स्मूदी आपण उकळत नाही. म्हणून फळे वाहत्या पिण्याच्या पाण्यात धुवावीत, नंतर ५० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात बुडवून पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावीत. स्ट्रॉबेरीचे देठ धुतल्यानंतरच काढावेत, आधी काढले तर खळग्यातून पाणी आत जाते.

दुसरी गोष्ट अवशेषांची. १०-१२ किलो स्ट्रॉबेरीची एक किलो पावडर होते, म्हणजे फळावर कीडनाशकाचा जो अवशेष उरला असेल, तो वजनाच्या हिशेबाने तितक्याच पटीने दाट होऊ शकतो. पावडरीसाठीच्या प्लॉटवर शेवटच्या फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ, म्हणजे पीएचआय, काटेकोर पाळावा. ‘उरलेली फळे आहेत, पावडरच करायची आहे’ हा विचार इथे उलटा पडतो.

पालक उकळत्या पाण्यात १ ते २ मिनिटे ब्लँच करून लगेच थंड पाण्यात टाकावा. त्यामुळे विकरे निष्क्रिय होतात आणि साठवणीत हिरवा रंग व वास टिकतो. बीट मऊ होईपर्यंत शिजवून सोलावे, गाजराच्या चकत्या ३-४ मिनिटे ब्लँच कराव्यात. केळ्याच्या चकत्यांना लिंबाच्या पाण्याचा हात द्यावा.

काप ६ ते ८ मिमी जाडीचे, शक्यतो सारखे असावेत. साल हा वाफेला मोठा अडसर असतो. अख्खे जांभूळ किंवा द्राक्ष घातले तर बाहेरून वाळलेले दिसते आणि आत ओले राहते. जांभळाची बी काढून गर पसरावा.

काप ट्रेवर एका थरात मांडून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर घट्ट गोठवावेत. हळू गोठवल्याने बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि फळाचा पोत बिघडतो, हे खरे. पण आपल्याला पावडरच करायची आहे. मोठ्या स्फटिकांच्या जागी मोठी छिद्रे राहतात आणि वाफ उलट सहज निघते. त्यामुळे पावडरीसाठी साधा डीप फ्रीझर पुरतो. हंगामात काप गोठवून पिशव्यांत भरून ठेवले, तर यंत्र पुढे दोन-तीन महिने सवडीने चालवता येते.

वाळले हे कसे ओळखावे?

लहान यंत्रात एका बॅचला साधारण २४ ते ४० तास लागतात. स्ट्रॉबेरी लवकर होते, आंब्याला वेळ लागतो. यंत्राने ‘पूर्ण’ दाखवले तरी विश्वास ठेवू नये. मधल्या ट्रेतील सर्वांत जाड काप घेऊन मधोमध मोडावा. आत गार लागले, गडद ठिपका दिसला किंवा काप मोडण्याऐवजी वाकला, तर बर्फ किंवा ओलावा शिल्लक आहे. खात्रीसाठी एक ट्रे वजन करून पुन्हा दोन तास चालवावा. वजन तेवढेच राहिले तर काम झाले. पावडरीसाठी अंतिम आर्द्रता २ ते ४ टक्के असावी.

यंत्र उघडण्यापूर्वी ट्रे खोलीच्या तापमानापेक्षा किंचित गरम असू द्यावेत. थंड ट्रे बाहेर काढला की थंड पाण्याच्या पेल्यावर जमते तसे दव कापांवर जमते आणि तीस तासांची मेहनत दहा मिनिटांत जाते.

पावडरीचा खडा का होतो?

वाळलेल्या फळातील साखर काचेसारख्या कडक अवस्थेत असते. प्रत्येक साखरेचे एक तापमान असते, त्याच्या वर ती कडक न राहता चिकट होते. पूर्ण कोरड्या सुक्रोजसाठी, म्हणजे आपल्या रोजच्या साखरेसाठी, हे तापमान ६० ते ७० अंश, ग्लुकोजसाठी ३१ अंश, तर फ्रुक्टोजसाठी अवघे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्यात पाण्याचा थोडा जरी अंश शिरला, तरी हे तापमान झपाट्याने खाली घसरते. स्ट्रॉबेरी आणि जांभळातील साखर मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज. म्हणजे पावसाळी हवेतील खोलीत या पावडरीचे कण एकमेकांना चिकटणारच. गाजर-बीटमध्ये मुख्यतः सुक्रोज असते, पालकात साखर नगण्य. म्हणून पालकाची पावडर मोकळी राहते आणि स्ट्रॉबेरीची ढेप होते.

यावर उपाय एकच नाही, पण सगळ्यांत मोठा उपाय फुकटचा आहे : वाटण्याची घाई करू नये. काप काप म्हणूनच साठवावेत. अख्ख्या कापाचा पृष्ठभाग कमी, पावडरीचा कित्येक पट जास्त. काप यंत्रातून निघाल्यावर काही मिनिटांत अॅल्युमिनियम फॉइलच्या जाड पाउचमध्ये भरून हीट सीलरने बंद करावेत. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाष्प हळूहळू आत जातेच. लागेल तसे पंधरा दिवसांचे काप वाटावेत.

वाटण्यासाठी कोरडा दिवस निवडावा. पावसाळ्यात वाटणे भागच असेल तर एसी लावलेल्या बंद खोलीत, खोली तासभर कोरडी झाल्यावर वाटावे. मिक्सरचे भांडे आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळलेले असावे. भांडे फ्रीजमध्ये थंड करून घेण्याचा सल्ला काही जण देतात, तो इथे घातक, कारण त्यावर दव धरते. ५ ते १० सेकंदांचे झटके द्यावेत, मध्ये थांबावे. सलग फिरवले की भांडे तापते आणि पावडर पात्याखाली लेपासारखी बसते. नंतर मैद्याच्या चाळणीने चाळावे. स्ट्रॉबेरीचे बारीक दाणे वर राहतात, ते कडवट लागत असतील तर काढावेत.

पावडर मोकळी राहावी म्हणून उद्योगात माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. त्याचे चिकट होण्याचे तापमान फळांच्या साखरेपेक्षा खूप वर असते. घरी दहा टक्क्यांपर्यंत राजगिऱ्याच्या लाह्यांचे बारीक पीठ किंवा स्किम्ड दूध पावडर घालता येते. लाह्या पुन्हा कोरड्या भाजून, पूर्ण थंड करूनच दळाव्यात. विक्रीच्या पाकिटावर घटकांच्या यादीत हे लिहावेच लागते. सिलिका जेलची खाण्याच्या पदार्थांसाठीची पुडी ओलावा शोषते, ऑक्सिजन शोषक पुडी ऑक्सिजन शोषते. दोन्ही पुड्या सारख्या दिसतात, पण पावडर गुठळी होण्यावर पहिलीच कामाची.

मिश्रण कसे करावे?

एका पेल्यासाठी, म्हणजे २०० मिलि थंड दुधासाठी, २५ ग्रॅम पावडर पुरते. आमच्याकडे जमलेले प्रमाण असे : केळी ११ ग्रॅम, स्ट्रॉबेरी ९ ग्रॅम, गाजर ३ ग्रॅम, बीट २ ग्रॅम. ताज्या मालात मोजले तर हा सुमारे ४५ ग्रॅम केळ्याचा गर, १०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, २५ ग्रॅम गाजर आणि १५-१७ ग्रॅम बीट होतो. साखर घालण्याची गरज नाही. पावडर आधी दोन चमचे दुधात कालवून मग उरलेले दूध घालावे, गुठळ्या होत नाहीत.

बीट येथे रंगासाठी आहे. स्ट्रॉबेरी आणि जांभळाचा लाल-जांभळा रंग आम्लात खुलतो, दुधात मात्र तो फिका, राखाडी छटेचा होतो. जांभळाची पावडर दुधात घालून पाहिली तर लगेच कळेल. जांभूळ ताकात किंवा लिंबू पिळलेल्या पाण्यात घ्यावे. लाल आणि हिरवे एकत्र करू नये. पालक व स्ट्रॉबेरीचे मिश्रण पौष्टिक असेलही, पण ते मातीच्या रंगाचे दिसते आणि मुले तोंडाला लावत नाहीत. पालकासाठी केळी-अननसाचा आधार बरा.

अननसाबद्दल मात्र सावध राहावे. अननस आणि पपईत प्रथिने तोडणारी विकरे असतात. उष्णता न लागल्याने फ्रीज ड्राय पावडरीत ती बऱ्याच अंशी शाबूत राहतात आणि दुधात मिसळून ठेवली की पेय कडू होते, फाटल्यासारखे दिसते. अशी पावडर पाण्यात किंवा शहाळ्याच्या पाण्यात घ्यावी. या कारणाने परत आलेली पाकिटे मी पाहिली आहेत, आणि विकणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत होते की दूधच खराब होते.

एक चमचा, म्हणजे ५-६ ग्रॅम पालक पावडर, सुमारे ६०-७० ग्रॅम ताज्या पालकाइतकी असते. चवीला कळत नाही म्हणून चार चमचे घातले जातात. पालक आणि बीटमध्ये ऑक्झलेट जास्त असल्याने मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मधुमेह्यांनीही ‘साखर न घातलेली’ याचा अर्थ साखर नसलेली असा घेऊ नये.

हिशेब

पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले दर घालून पुन्हा मांडावेत. यंत्र ४ लाख रुपयांचे, पाच वर्षे, वर्षाला १५० बॅच धरल्या तर यंत्राचा बोजा बॅचमागे सुमारे ५३३ रुपये. साधारण एक किलोवॉट खेचणारे यंत्र ३० तास चालले तर ३० युनिट, ८ रुपये दराने २४० रुपये. म्हणजे बॅचमागे ७७३ रुपये, मजुरी व पॅकिंग सोडून.

पाच किलो साफ केलेल्या स्ट्रॉबेरीत ९१ टक्के पाणी असते, हातात येते साधारण ४६० ग्रॅम पावडर. एक किलो पावडरीला देठासकट १२ किलो फळ लागते. फळ १०० रुपये किलो धरले तर फळाचे १,२०० आणि वाळवणीचे सुमारे १,६७० मिळून किलोला जवळपास २,९०० रुपये. तेच पाच किलो केळ्याच्या गरापासून सुमारे १.२९ किलो पावडर निघते. साल धरून ६ किलो केळी १५ रुपये दराने ९० रुपयांची, वाळवणी ६०० रुपये, एकूण ६९० रुपये किलो. वरील २५ ग्रॅमच्या पाकिटात स्ट्रॉबेरीच २६ रुपयांची बसते, केळे ८ रुपयांचे.

यात दोन गोष्टी दिसतात. स्ट्रॉबेरी ५० रुपयांनी मिळाली तरी पावडर किलोला फक्त ६०० रुपयांनी उतरते, कारण खर्चाचा मोठा भाग पाणी काढण्याचा आहे. आणि बॅच १५० ऐवजी ६० झाल्या, तर यंत्राचा बोजा बॅचमागे १,३३३ रुपयांवर जातो. फक्त स्ट्रॉबेरीच्या हंगामापुरते चालणारे यंत्र गटाला बुडवते. जूननंतर यंत्रात काय घालणार, याचे उत्तर तयार असेल तरच खरेदीचा विचार करावा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत (२०२० पासून) पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद होती. सध्याची स्थिती जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावी. अनुदानाने यंत्र स्वस्त होते, रिकामे यंत्र भरत नाही.

विक्री करायची असेल तर

घरच्या वापरासाठी सीलबंद काप कोरड्या, अंधाऱ्या जागी वर्षभर ठेवता येतात. वाटलेली पावडर दोन महिन्यांत आणि उघडलेले पाकीट दोन-तीन आठवड्यांत संपवावे. २५ वर्षे टिकते, ही जाहिरात पावडरीला लागू करू नये. विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हवाच. पाकिटावरची मुदत अंदाजाने लिहू नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आर्द्रता, जलक्रियाशीलता आणि सूक्ष्मजीव तपासणी करून घ्यावी. बरण्यांऐवजी २५ ग्रॅमची एकवेळची पाउच करावीत. पॅकिंगचा खर्च वाढतो, पण ग्राहकाच्या ओल्या चमच्यापासून पावडर वाचते.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात एवढे तरी दाखवावे : एक चमचा पावडर वाटीत उघडी आणि एक चमचा सीलबंद पाउचमध्ये, सकाळी सत्र सुरू होताना ठेवावी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दोन्ही चमच्याने हलवून पाहायला सांगावे. जुलैतील प्रशिक्षण असेल तर जेवणापर्यंतही थांबावे लागत नाही.